कान तुटलेला कप

माझं नाक डावीकडे झुकलेलं आहे. समोरून बघणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही, पण फोटो काढणाऱ्यांना हटकून दिसतं. "बाई, मान जरा उजवीकडे घ्या," असं ते म्हणतात आणि मी घेत नाही. एवढ्या वर्षांनी त्या नाकाला फोटोपुरतं सरळ करून काय मिळणार आहे?

हे नाक वाकडं झालं ते बहात्तरच्या दुष्काळात. मी नगर शहरातली. वडील कचेरीत कारकून, घर सोवळ्याओवळ्याचं, आणि मुलीने नोकरी करायचीच तर शिक्षिकेची, तीही घराजवळ, असा रिवाज. जिल्हा परिषदेने मला उचलून कर्जतच्या पलीकडे टाकलं. वडील म्हणाले, जायचं नाही. मी म्हटलं, जाणार. आमच्या घरात नाकावर माशी बसू न देणारी मी एकटीच होते, आणि त्या स्वभावाची फळं एकटीनेच खायची असतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गावात मला एका शेतकरी घरातली पुढची खोली भाड्याने मिळाली. घर माळवदाचं, भिंती जाड, दार ओसरीवर उघडणारं. घरधनीण विधवा होती. तिला मी मावशी म्हणायचे. तिची मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथेच मुक्काम करत. मागे मावशी आणि दोन सुना. शाळा सुटली की मला बोलायला माणूस नसे. गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, सायकलला टांग मारून आपल्या गावी निघून जात. मग समोर नुसता माळ, त्यावर काही उगवलेलं नाही, आणि दिवस काही केल्या मावळत नाही. त्या वेळेची मला धास्ती वाटायची.

त्यातून मला मावशींनी काढलं. आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, एकल्या काय बसता भुतावानी? या, च्या घ्या." तेव्हापासून संध्याकाळी मी आत, चुलीपाशी. गुळाचा कोरा चहा, कारण दुधाची जनावरं चाऱ्याच्या छावणीत. निळ्या कडेचे कप. मावशी चहा बशीत ओतून फुर्र करून पीत आणि मी तसं प्यायला शिकले. मग नगरबद्दल विचारायच्या. तिथे नळाला पाणी येतं का, बायका चपला घालून रस्त्याने जातात का. मी काहीही सांगितलं की म्हणायच्या, "न्हाई बया, तुमी लई थापा मारता." त्या चहासाठी मी दिवस ढकलायचे, हे स्पष्टच सांगते.

संक्रांतीच्या सुमाराला गावात हापसा आला. मोठं मशीन लावून जमिनीला भोक पाडलं, लोखंडी खांब उभा केला, त्याला हा एवढा लांब दांडा. पाणी फार खोल होतं, त्यामुळे दांडा कमालीचा जड. एकीच्याने तो दबायचा नाही. दोघी दोघी मिळून त्याला लटकायच्या, आणि सोडला की आतल्या सळ्यांच्या वजनाने तो असा वर उसळायचा की जवळ उभं राहायची भीती वाटावी.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. माझ्या जोडीला एक अनोळखी बाई होती. मी सगळा भार टाकून दांड्यावर वाकले होते. तिचा हंडा भरला आणि तिने सहज हात काढून घेतला. त्यात तिची काहीच चूक नव्हती. हंडा भरला की बाजूला व्हायचं, मागे एवढी रांग. पण दांडा माझ्या हातातून निसटला आणि खालून वर येऊन नाकावर बसला. आधी डोक्यात 'कट्' असा आवाज झाला. दुखायला नंतर लागलं.

बायका धावल्या. कुणीतरी मागून वेणी धरून माझी मान मागे ओढली. घोळणा फुटला की मान मागे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. माझी आई तिथे असती तर तिनेही तेच केलं असतं. कुणी कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरला. कुणी पळत जाऊन हळद आणली आणि चिमटीने आत कोंबली. आणि पहाटेपासून एका हंड्यासाठी उभ्या असलेल्या बायकांनी आपापल्या हंड्यातलं पाणी माझ्या टाळूवर ओतलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्याच बायकांबद्दल आहे.

मावशींनी मला ओसरीवर नेलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हनुवटी वर करून धरून ठेवली. थोड्या वेळाने नाकातून यायचं बंद झालं. "थांबलं गं बया," सगळ्या म्हणाल्या. थांबलं कुठलं? ते घशातून खाली चाललं होतं. कोमट, खारट, मध्येच गुठळी. थुंकावंसं वाटत होतं, पण चारचौघीत, दुसऱ्याच्या सारवलेल्या ओसरीवर थुंकायचं कसं? आम्हाला घरी लहानपणापासून वळण लावलेलं. मी मुकाट्याने गिळत राहिले.

दुपारी पोट ढवळून आलं आणि मावशींच्या मांडीवरून उठायच्या आत मला ओकारी झाली. भरपूर आणि काळपट. सुना मागे सरकल्या. मावशी पदर आवरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. भीती होती.

त्यांचा धाकटा दीर क्षयाने गेलेला होता. मळ्यातल्या झोपडीत त्याला ठेवला होता आणि जेवण दुरून सरकवत. शेवटी शेवटी त्याच्याही तोंडातून रक्त यायचं. हे त्यांनीच मला कधीतरी चुलीपाशी सांगितलं होतं. आता मी अंगाने काटकुळी, दुष्काळी धुरळ्याने सदा खोकणारी, घर सोडून एवढ्या लांब एकटी राहणारी. एवढी तरणी पोर आईबाप उगाच लांब धाडतात का? दोन आणि दोन चार झाले.

संध्याकाळी मला कुणी हाक मारली नाही. अंधार पडायच्या आधी धाकटी सून आली आणि माझ्या दाराबाहेरच्या कोनाड्यात चहाचा कप ठेवून गेली. कपाचा कान तुटलेला होता. "मावशी?" मी विचारलं. "त्या कामात हायती," ती म्हणाली. चहा पिऊन मी कप द्यायला निघाले तर लांबूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तितंच, बाई. तुमचाच हाय त्यो."

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या घरी मागच्या दारी असाच कोनाडा होता आणि त्यात असाच कप. मागचं अंगण झाडायला येणाऱ्या बाईचा. तिला चहा वरून ओतून दिला जाई आणि कप तिचा तिने विसळून ठेवायचा. तो कप मी रोज बघत होते आणि मला तो कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पदर नाकाला लावून एकटीच एस.टी.ने कर्जतला गेले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, पण माणूस नीट बघून घ्यायचे. त्यांनी आधी कापसाने हळदीचा लगदा काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग बॅटरी धरून दोन्ही नाकपुड्यांत पाहिलं, मधला पडदा सळईने हलकेच दाबला. "पडद्यात रक्त साठलं असतं तर आत्ताच काढावं लागलं असतं," ते म्हणाले, "नाहीतर नाक बसतं. तसं नाही, नशीब. हाड मात्र सरकलंय. सूज उतरली की या. पण रेंगाळू नका, हाड एकदा धरलं की मग ऐकत नाही. तोवर बर्फ लावा."

"बर्फ?" मी म्हटलं. आमच्या गावात प्यायला पाणी नाही. ते हसले आणि म्हणाले, मग माठातल्या पाण्याची घडी ठेवा, थोडा थोडा वेळ. नाक शिंकरू नका. उशाला उंच घ्या.

मी ओकारीचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी बॅटरी खाली ठेवली. "मान मागे केली होती ना? रक्त पोटात गेलं. पोटाला रक्त चालत नाही, ते बाहेर टाकतं. मान मागे टाकली म्हणजे रक्त थांबत नाही, नुसतं दिसेनासं होतं." मग त्यांनी मला स्टुलावर बसवून दाखवलं. बसायचं, पुढे वाकायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडात येईल ते थुंकायचं. साधा घोळणा असेल तर नाकाचा खालचा मऊ भाग, हाडाच्या खाली, चिमटीत घट्ट धरायचा आणि दहा मिनिटं सोडायचा नाही. "मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही. तिथेच सगळे चुकतात." माझी छातीही त्यांनी नळी लावून तपासली. छाती स्वच्छ होती. मग विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

सूज उतरल्यावर पुन्हा गेले तेव्हाही त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. औषधात भिजवलेल्या पट्ट्या नाकात घालून त्यांनी आतला भाग बधिर केला, मग चपटं हत्यार आत घालून हाड उचललं. डोक्यात पुन्हा तोच आवाज झाला, या वेळी उलट्या दिशेने. सिस्टरने दोन्ही हातांनी माझं कपाळ धरून ठेवलं होतं. दुखत होतं म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं तिला वाटलं असेल. कपाळावर कुणाचे तरी हात होते म्हणून ते आलं होतं. आत पट्टी, वर प्लास्टर, आणि डॉक्टर म्हणाले, अगदी पहिल्यासारखं सरळ होईल असं नाही, पण श्वास चालेल.

पहिल्या खेपेनंतर गावी आल्या आल्याच मी मावशींना सगळं सांगितलं होतं. ओसरीवर उभी राहून, सुजलेल्या नाकामुळे गेंगाण्या आवाजात, अगदी वर्गात शिकवावं तसं. छाती स्वच्छ आहे, ते पोटात गेलेलं रक्त होतं, मान पुढे करायची असते, मऊ भाग चिमटीत धरायचा असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "व्हय, व्हय. बरं झालं, बाई," म्हणाल्या. संध्याकाळी चहा कोनाड्यात आला.

मी चिडले. माझा स्वभावच तो. वाटलं, खोली सोडावी. पण जायचं कुठे? गावभर तीच बातमी. शाळेत पोरं एक ओळ मागे सरकून बसायला लागली. मुलांना दुष्काळी खाऊची सुकडी मी वाटायचे, ती गुरुजी स्वतः वाटू लागले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी कळवावं तर वडील दुसऱ्या दिवशी येऊन न्यायला उभे, आणि वर "सांगत होतो". नाकात पट्टी होती तोवर वास नाही, चव नाही. भाकरी आणि पुठ्ठा सारखाच. संध्याकाळी भिंतीच्या पलीकडे चूल पेटायची, कपबशा वाजायच्या, मावशी सुनांवर करवादायच्या. मी अलीकडे कान देऊन बसायचे. मला बढती नको होती, बदली नको होती, सरळ नाकही नको होतं. पुन्हा त्या चुलीपाशी बसायला मिळावं, एवढंच हवं होतं. ते मिळत नव्हतं आणि मागता येत नव्हतं.

पट्टी निघाली, प्लास्टर निघालं. नाक डावीकडे राहिलं. कप कोनाड्यात राहिला.

चैत्रात ऊन असं तापलं की माळाकडे बघवेना. शाळा सकाळची झाली होती. एका दुपारी खोलीत पडले होते तर ओसरीवर आरडाओरडा ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर मावशी खांबाला टेकून बसलेल्या, आणि नाकातून धार. उन्हाने घोळणा फुटला होता. थोरली सून मागून मान ओढत होती, धाकटी कांदा फोडत होती.

"मान पुढे करा," मी म्हटलं. "पुढे वाका, मावशी." आणि पाऊल टाकलं.

थोरली म्हणाली, "बाई, तुमी लांबच ऱ्हावा."

ती रागाने बोलली नव्हती. म्हणून ते जास्त लागलं. मी उंबऱ्यापाशी थांबले. काय करायचं ते मला माहीत होतं, हात रिकामे होते, आणि समोर मावशींचा घसा वर खाली होत होता. त्या गिळत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "गिळू नका. थुंका. मावशी, थुंका." माझा आवाज गावाला ऐकू गेला असेल.

मावशींनी डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं. मग हाताच्या एका फटक्याने सुनेचा हात झटकला, पुढे वाकल्या आणि आपल्याच सारवलेल्या ओसरीवर थुंकल्या. "इकडं या, बाई," त्या म्हणाल्या. "कुठं धरायचं म्हनला हुता? मला घावत न्हाई. तुमी धरा."

सुना बाजूला सरल्या. मी जाऊन त्यांच्यासमोर बसले.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ऐकणारे नेहमी तेच विचारतात. नाही, कप त्या दिवशी आत गेला नाही. संध्याकाळी चहा आला तो कोनाड्यातच, त्याच कपात. पण तो घेऊन मावशी स्वतः आल्या, माझ्या उंबऱ्यावर टेकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी खरं बोलत हुता ते मला पयल्याच दिशी कळलं हुतं. दीर असा नव्हता वकत. त्यो खोकून टाकायचा." मी विचारलं, मग हा कप? त्या म्हणाल्या, "घरात सुना हायती. उंद्या त्यांची लेकरं हुतील. गाव हाय. मी एकली काय करू?"

मी चहा पिऊन कप कोनाड्यात ठेवला. रात्री मात्र खूप रडले. इतके दिवस वाटत होतं, माझ्यावर कुणाचा विश्वास नाही म्हणून मी एकटी आहे. विश्वास होता, आणि तरीही मी एकटीच होते. याला कुठल्या डॉक्टरकडे औषध असणार? पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मावशी एस.टी.पर्यंत आल्या. उन्हात उभ्या राहिल्या, गाडी हलली तसा पदर डोळ्याला लावला. मी त्यांच्यावर राग धरला आहे की नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. मी त्यांच्या नाकाचा मऊ भाग अंगठ्यात आणि बोटात धरला. दुसरा हात त्यांच्या मानेमागे ठेवला. त्या तोंडाने श्वास घेत होत्या आणि तो माझ्या मनगटावर लागत होता, गरम, कांद्याचा आणि तपकिरीचा वास असलेला. माझ्या वाकड्या नाकाला तो वास स्पष्ट आला. त्यांच्या कपाळावरचं गोंदण मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. धाकटीने विचारलं, "थांबलं का वो?" मी म्हटलं, "सोडून बघायचं नसतं."

खोलीतलं घड्याळ मला उघड्या दारातून दिसत होतं. दहा मिनिटं झाली, तीही उलटून गेली. रक्त केव्हाच थांबलेलं होतं, ते बोटांना कळत होतं, मावशींनाही कळत असणार. मी हात काढला नाही, आणि त्याही काढा म्हणाल्या नाहीत.